शिसेगावची शिबंदी

३ फेब्रुवारी

मायना काय लिहावा हे कळेना, म्हणून सोडून दिला आहे. ‘चिरंजीव’ लिहावं तर मुलगी रागावेल, आणि ‘महोदय’ लिहावं तर अकरा वर्षं ज्याच्या मोज्यांच्या जोड्या लावल्या त्या जावयाला महोदय कसं म्हणायचं?

तुम्हाला फोन करायचा नाही असं मुलीनं मला बजावलं आहे. पत्राबद्दल ती काही बोललेली नाही.

लिहिण्याची कारणं दोन. पहिलं, सोबत वकिलांचे कागद आहेत. जिथे पेन्सिलीनं फुली केली आहे तिथे सही करायची, एकूण पाच ठिकाणी. घटस्फोटाला हरकत नाही असं तुम्ही डिसेंबरात जाताना तोंडी म्हणाला होतात, तेव्हा यात नवीन काही नाही.

दुसरं कारण जरा अवघड आहे. तुमचा कॉम्प्युटर मागच्या खोलीत तसाच आहे. शनिवारी मी तिथली धूळ पुसत होते. माझ्या समजुतीप्रमाणे तो बंद होता, पण फडकं लागताच पडदा उजळला आणि तुमचा तो राजे-राजवाड्यांचा खेळ समोर आला. मी पुसायची थांबले नाही, ही माझी चूक. कसलंसं बटण दाबलं गेलं, तुतारी वाजली, आणि पडद्यावर आलं की आपल्या तीन शहरांनी बंड केलं असून ती शेजारच्या राजाला जाऊन मिळाली आहेत. मी खुर्चीवर बसून पाच मिनिटं वाट पाहिली. ती परत आली नाहीत.

चौतीस वर्षं मी वजनमाप खात्यात निरीक्षक होते. माझ्या हातून कुणाचं चिमूटभर कमी-जास्त झालेलं नाही. तुम्ही एवढी वर्षं मान मोडून जमवलेलं राज्य माझ्या फडक्यानं जावं, याचा मला मनस्ताप झाला आहे. शहरं परत कशी आणायची तेवढं कळवा, म्हणजे मी आणून ठेवते.

कागद जमल्यास याच आठवड्यात पाठवा.

तुमच्या (तूर्तास) सासूबाई


९ फेब्रुवारी

आई,

अकरा वर्षांची सवय आहे म्हणून हेच लिहितो. चालत नसेल तर खोडून टाका, मला वाईट वाटणार नाही. म्हणजे वाटेल, पण मी कळवणार नाही.

तुमच्या फडक्याचा काही दोष नाही. तुम्ही ‘पुढचं वर्ष’ हे बटण दाबलंत. या खेळात सगळे राजे एकेक वर्षानं पुढे सरकतात. प्रत्येक शहराच्या नावाखाली एक आकडा असतो, शंभरापैकी. ती त्या शहराची निष्ठा. आकडा तिसाच्या खाली गेला की शहर बंड करतं आणि जवळचा जो राजा त्यातल्या त्यात बरा वाटेल त्याच्याकडे जातं. त्या तिघांचे आकडे आधीच तळाला गेले होते. मी असतो तरी ती गेलीच असती.

उपाय सोपा आहे. डाव्या कोपऱ्यात ‘जुनी नोंद’ असं लिहिलंय. ते उघडलंत की खेळ तुमच्या पुसण्याच्या आधीच्या वर्षात जाईल आणि शहरं जागच्या जागी असतील. मग खुशाल बंद करून टाका.

मी मजेत आहे. कंपनीनं इथे चौथ्या मजल्यावर खोली दिलीय. खिडकी आहे, खिडकीतून पाण्याची टाकी दिसते. काम नेहमीचंच. लिफ्ट अडकतात, आम्ही माणसं बाहेर काढतो, माणसं आमच्यावर ओरडतात.

तिला सांगा, बाथरूममधला गरम पाण्याचा नळ उलटा फिरतो हे प्लंबरला आधीच सांगायचं, नाहीतर तो तोडून ठेवेल.

तुमचा जावई


१४ फेब्रुवारी

‘आई’ खोडलेलं नाही. पण म्हणून मी काही कबूल केलंय असं समजू नका.

जुनी नोंद उघडणार नाही. आधीचं खोडून मागची तारीख घालणाऱ्या दुकानदारांना मी चौतीस वर्षं दंड केला. आता त्यांच्यातली एक होऊ शकत नाही. शहरं गेली ती गेली. आणायची तर ती पुढून आणली पाहिजेत.

त्यासाठी ती का गेली हे आधी पाहायला हवं, म्हणून मी रोज सकाळी दहा ते अकरा त्या खुर्चीवर बसते. (तुमच्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे. अकरा वर्षं तुम्ही कसे बसलात? मी खाली पुठ्ठा घातला.) उजव्या बाजूला एक पाकीट लुकलुकत असतं, ते दाबलं. आत चारशे बारा न उघडलेली पत्रं निघाली. शहरांनी राजाला लिहिलेली. राजा म्हणजे तुम्ही.

पाच दिवसांत सगळी वाचली. शहरांची नावं परकी आहेत, मला उच्चारता येत नाहीत, तेव्हा मी त्यांना त्यांच्या मालावरून नावं दिली आहेत. मीठगावानं सतरा वेळा विहीर मागितली आहे. पहिल्या अर्जात ‘कृपाळू महाराज’ आहे, नवव्यात नुसतं ‘महाराज’, आणि सतराव्यात मायनाच नाही. लोकरगावानं कळवलं की तुम्ही नेमलेला सुभेदार लोकर घेताना एका वजनानं घेतो आणि विकताना दुसऱ्या वजनानं विकतो. हे वाचून मी उठून पाणी पिऊन आले.

शिसेगावाचं एकही पत्र नाही. नऊ वर्षांत काही मागितलं नाही, कसली तक्रार नाही. निष्ठा चार. ज्या दुकानाची कधीच तक्रार येत नाही तिथे मी सर्वांत आधी जायची.

कागदांचं बघा. फुल्या पेन्सिलीच्या आहेत, पुसट होतील.


१९ फेब्रुवारी

आई,

ती पत्रं खरी नसतात हो. यंत्रच ती आपोआप तयार करतं, खेळाला शोभा म्हणून. इतकी वर्षं खेळतोय, मी एकही उघडलं नाही, तरी नकाशावर माझं राज्य दोन नंबरचं होतं.

मीठगाव आणि लोकरगाव (नावं चांगली आहेत) परत हवी असतील तर सैन्य उत्तरेकडून न्या. आणि आणलेल्या शहरात शिबंदी ठेवायला विसरू नका. शिबंदी म्हणजे शहरात कायमची ठेवलेली फौज. फौज आत असली की निष्ठा शून्य झाली तरी शहर हलू शकत नाही. शिसेगावासारख्या ठिकाणी दोन हजार तरी माणूस लागेल.

पुठ्ठ्याबद्दल आभार. त्या पायाचं मी करणारच होतो.

ती येते का कधी मागच्या खोलीत? तुम्ही खेळताना पाहून काय म्हणते? तिला हा खेळ आवडत नाही हे मला माहीत आहे, उगाच विचारलं. सकाळी न्हाऊन पोहण्याचा वर्ग घ्यायला जाताना तिचे केस ओले असतात आणि ती तशीच वाऱ्यात बाहेर पडते. तुम्ही सांगितलंत तर ऐकेल. माझं सांगून झालंय.

तुमचा जावई


२७ फेब्रुवारी

तुमच्या सल्ल्याचा अर्धा भाग मी पाळला, अर्धा नाही. निकाल खाली देते.

मीठगाव: सैन्य नेलं नाही. तिथे एक दूत पाठवला आणि विहीर खणून देऊ म्हणून कळवलं. मिशीवाल्यानं (शेजारचा राजा, चित्रात त्याच्या मिशा कानापर्यंत आहेत) त्यांना विहीर दिलेलीच नव्हती. तिसऱ्या वर्षी मीठगावानं त्याच्याविरुद्ध बंड केलं आणि आपल्याकडे आलं. विहीर दिली. निष्ठा एकसष्ट.

लोकरगाव: सुभेदार बदलला. त्यानंतर सगळ्यात खाली एक छोटं बटण दिसलं, ‘माफी मागा’. ते दाबलं तर राजाची प्रतिष्ठा दहानं कमी होते. दाबलं. मला त्या दहाचं काय करायचं होतं? पाच वर्षांनी लोकरगाव आलं.

शिसेगाव: इथे मी तुमचं ऐकलं. त्यांना काय हवंय तेच कळत नव्हतं. दूत पाठवला तर नुसतं ‘दूत परत आला’ एवढंच. मग सैन्य नेलं, शहर घेतलं, दोन हजारांची शिबंदी ठेवली. शहर आपलं आहे. निष्ठा चार होती, ती आता तीन आहे.

पत्रं खोटी असतात म्हणालात. विहीर दिल्यावर आकडा चढला, तो मात्र खरा चढला. मी हिशेब लावून पाहिला: त्या चारशे बारा पत्रांपैकी तीनशेंना उत्तर द्यायला एकेक बटण पुरलं असतं.

मुलगी बरी आहे. कामावर जाते. केसांचं तिला सांगणं माझ्याकडूनही होत नाही.

तुमची उत्तरं फार लवकर येतात. लिफ्टवाल्यांना हल्ली एवढी सवड असते का?

कागद.


५ मार्च

आई,

ते ‘माफी मागा’ बटण मी कधी पाहिलंच नव्हतं. खरंच तिथे आहे का?

तुमचं पत्र आल्यापासून तीनशेचा तो आकडा डोक्यातून जात नाही. तेव्हा एक गोष्ट लिहूनच टाकतो. तुम्हाला ती माहीत असणारच, तिनं सांगितली असेल, आणि तरीही तुम्ही मला मोज्यांच्या जोड्या लावून देत होतात, म्हणून मला जास्तच लाज वाटते.

गेल्या मे महिन्यात, एका मंगळवारी, ती त्या खोलीच्या दारात उभी राहिली. म्हणाली, उद्या गाठीची तपासणी आहे, डॉक्टरांनी कुणाला तरी बरोबर आणा म्हणून सांगितलंय, येतोस का? मी म्हटलं, ‘हं. एवढं वर्ष संपू दे.’ वर्ष म्हणजे खेळातलं. ते संपलं. मग पुढचं सुरू झालं. ती थोडा वेळ उभी होती. कधी गेली ते मला कळलं नाही.

ती एकटी गेली. चार दिवसांनी रिपोर्ट आला, काही निघालं नाही. तिनं तो कीबोर्डवर आणून ठेवला. मी वाचला आणि ‘बरं झालं’ म्हणालो. ती भांडली असती तर मी काहीतरी बोललो असतो. ती भांडली नाही, तेव्हा मला वाटलं प्रकरण मिटलं. जूनमध्ये आम्ही खिडकीला नवा पडदा घेतला, ऑगस्टात तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, सगळं नीट चाललं होतं. नोव्हेंबरात तिनं सांगितलं की तिला वेगळं व्हायचंय. मी ‘का’ विचारलं. ती म्हणाली, ‘तुला खरंच माहीत नाही, हेच.’

त्या मंगळवारी मी कुठलं शहर जिंकत होतो, तेसुद्धा आता आठवत नाही.

शिसेगावाला दोन हजार पुरत नसतील तर तीन करा. मला दुसरं काही सुचत नाही.

जावई


२० मार्च

आई,

पंधरा दिवस झाले, तुमचं पत्र नाही. मी काही वावगं लिहिलं का? की तब्येत? डोळ्याचे थेंब संपले असतील तर कोपऱ्यावरचा दुकानदार जुनी चिठ्ठी चालवून घेतो, फक्त त्याच्याशी पाच मिनिटं गुडघ्यांबद्दल बोलावं लागतं.

एक ओळ टाका. खेळाबद्दल नसली तरी चालेल.

जावई


२६ मार्च

तब्येत बरी आहे. थेंब आहेत. पत्र लिहायला उशीर झाला, कारण लिहिण्यासारखं पुष्कळ होतं आणि त्यातलं माझ्या बाजूचं फारसं चांगलं नव्हतं.

आधी माझी कबुली. मुलगी इथे राहत नाही. तुम्ही गेलात त्यानंतर दोन दिवसांनी तीही गेली, पोहण्याच्या तलावाजवळ दोन खोल्या घेऊन राहते. म्हणाली, त्या घरात बसवत नाही. मी तुम्हाला तिच्याबद्दल जे लिहिलं ते सगळं खरं होतं: ती बरी आहे, ती कामावर जाते. फक्त कुठून जाते ते मी लिहिलं नाही. तुम्ही नळाचे आणि ओल्या केसांचे निरोप पाठवत राहिलात आणि मी ते कुणालाच दिले नाहीत, कारण घरात मी एकटी होते. आणि एकटी आहे असं तुम्हाला कळवणं मला बरं दिसेना. निरीक्षकाच्या घरातच माप कमी भरलं, असं वाटलं.

तुमच्या पत्रातली ती मंगळवारची गोष्ट मला माहीत नव्हती. पत्र वाचलं आणि तशीच चप्पल घालून तलावावर गेले.

तिचा बायकांचा वर्ग चालू होता. सहा बायका गळ्यापर्यंत पाण्यात उभ्या राहून श्वास सोडायला शिकत होत्या. रखवालदारानं चपला काढायला लावल्या, म्हणून मी अनवाणी काठावर उभी राहिले आणि विचारलं,

“तू गेल्या वर्षी तपासणीला एकटी गेली होतीस?”

तिनं शिट्टी तोंडातून काढली. “कुणी सांगितलं?”

“त्यानं.”

“तू त्याला फोन केलास?”

“फोन नाही. पत्र.”

“किती पत्रं?”

“माझी तीन. त्याची तीन.”

तिनं शिट्टी गळ्यात सोडली. मग म्हणाली, “म्हणजे तूही त्याला जाऊन मिळालीस.”

“मी कुठेही गेलेले नाही,” मी म्हटलं. “मी त्याच घरात आहे. गेलात तुम्ही दोघं.”

सहा बायकांपैकी एकीनंही श्वास सोडला नाही.

मी तिला विचारलं की मला का नाही सांगितलंस. तिनं काय उत्तर दिलं ते तुम्हाला कळायला हवं असं मला वाटतं. ती म्हणाली, “तुला सांगितलं असतं तर तू त्याला कधी माफ केलं नसतंस. मला वाटलं होतं, मी करीन.”

त्यानंतर ती माझ्याशी दोन आठवडे बोलली नाही. मीही तुम्हाला लिहिलं नाही, कारण तुमचा मला अतिशय राग आला होता. तो अजून आहे. ‘एवढं वर्ष संपू दे’! तुम्ही माणूस आहात का कोण? त्या मंगळवारी मी स्वयंपाकघरातच असणार, दहा पावलांवर, आणि मला काही कळलं नाही, म्हणून राग माझाही आला. तो वेगळा धरला आहे, तुमच्यात मिळवलेला नाही.

पण दुसऱ्या आठवड्यात माझ्या असं लक्षात आलं, की ही गोष्ट मला सांगायची तुम्हाला काही गरज नव्हती. विचारलं कुणी नव्हतं. आपल्या तराजूतली खोट स्वतः येऊन दाखवणारा दुकानदार मला चौतीस वर्षांत एकच भेटला होता. त्यालाही मी दंड केलाच. पण चहा प्यायला थांबले होते.

आता कागद. तुम्ही सही का करत नाही हे मला फेब्रुवारीतच समजलं होतं. सही झाली की माझी पत्रं थांबतील आणि या घराचा तुमचा शेवटचा दोरा तुटेल, असं तुम्हाला वाटतं. सुरुवातीला मीही सही मिळवण्यासाठीच लिहीत होते, हे कबूल करते. पहिल्या दोन पत्रांपुरतं. तिसऱ्यात मी कागदांची आठवण एका शब्दावर आणली, ती तुम्ही सही करू नये म्हणून की काय अशी मला आता शंका येते.

पण ती तिकडे दोन खोल्यांत अडकून बसली आहे. तिचं पुढचं काहीच सुरू होत नाही. तिला तुमचा राग नाही, तिला फक्त जायचं आहे. परवा मी शिसेगावची शिबंदी काढून घेतली. तीन हजार माणूस तिथे बसून होता, गावाचं धान्य खात होता, आणि निष्ठा दोनावर आली होती. फौज वेशीबाहेर पडली त्याच वर्षी शिसेगाव गेलं. मिशीवाल्याकडे गेलं नाही. कुणाकडेच गेलं नाही, आपलं आपण राहिलं आहे. नकाशावर त्याचा रंग आता करडा आहे. वाईट दिसत नाही.

सही करा. पत्र मी लिहीनच. त्यासाठी तुम्ही कुणाचे नवरे असायची अट नाही.


२ एप्रिल

आई,

पाचही सह्या केल्या आहेत. फुल्या खरंच पुसट झाल्या होत्या, पण जागा पाठ होत्या.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. तलावावरचा भाग चार वेळा. ‘मला वाटलं होतं, मी करीन’ ही ओळ मी वहीत उतरवून ठेवली आहे. तिला माझा काही निरोप देऊ नका. निरोप द्यायचा तो त्या मंगळवारी द्यायला हवा होता.

तुम्ही कबुली दिलीत तेव्हा माझीही घ्या. माझी उत्तरं लवकर येतात, कारण मी दोन महिने खाटेवर आहे. जानेवारीअखेर पाय मोडला. वीस वर्षं मी तीस-तीस मजल्यांच्या शाफ्टमध्ये लोंबकळून काम केलं आणि पडलो तो शिडीच्या खालून तिसऱ्या पायरीवरून. नडगीचं हाड, दोन ठिकाणी. समोरच्या बिऱ्हाडातल्या बाई जेवण देतात आणि पत्रं पेटीत टाकतात. तुमचं पहिलं पत्र त्याच आठवड्यात आलं. तीन शहरं गेल्याचं वाचून मी हसलो, तेव्हा पाय इतका दुखला की त्या बाई धावत आल्या.

म्हणजे ‘काम नेहमीचंच’ हे खोटं होतं. ‘मजेत आहे’ हेही. खिडकी आणि टाकी खरी आहे.

घर सोडताना कॉम्प्युटर मी मुद्दाम ठेवला होता. विसरलो नव्हतो. काहीतरी न्यायला परत यावं लागेल, असं कारण हवं होतं. आता तो तुमचाच समजा. राज्य तुम्ही माझ्यापेक्षा बरं चालवता.

जावई (हे आता लिहावं का, ते तुम्ही सांगा)


९ एप्रिल

कागद पोचले. फोन केला, तर मुलगी संध्याकाळी स्वतः घ्यायला आली. डिसेंबरानंतर पहिल्यांदा ती या घरात बसली. पाचही सह्या तपासल्या. आपलीच मुलगी, कागद उजेडाकडे धरून तपासते. मग पिशवीत ठेवून जायला उठली आणि गेली नाही. मागच्या खोलीत जाऊन उभी राहिली.

“हे करडं काय आहे?” तिनं नकाशावर बोट ठेवून विचारलं.

“शिसेगाव. आपल्याकडे होतं, मी सोडून दिलं.”

“आता काय करतंय ते?”

“काही नाही. मागच्या वर्षी त्यांचा एक व्यापारी आला होता. शिसं विकून गेला.”

ती हसली. तिला हसताना बघून मला किती दिवस झाले ते मी मोजलं नाही. नंतर ती जेवायला थांबली. जेवताना मी तिला तुमच्या पायाचं सांगितलं. सांगू नका असं तुम्ही फक्त निरोपाबद्दल लिहिलं होतं, पायाबद्दल नाही.

तिनं घास तसाच हातात धरला. “कुठे मोडलाय? घोट्याच्या वर की गुडघ्याच्या खाली?” मी नडगी म्हटलं. तर म्हणाली, “प्लास्टर निघाल्यावर जमिनीवर चालायची घाई करायची नाही म्हणावं. कमरेइतक्या पाण्यात चालायचं, रोज वीस मिनिटं, उलटंसुद्धा. महिनाभर. माझ्याकडे गुडघेवाल्या बायका येतात त्यांना मी तेच सांगते.” जाताना दारातून परत येऊन म्हणाली, “वीस. पंचवीस नाही. तो पंचवीस करेल.”

हा निरोप नाही, वैद्यकीय सूचना आहे. म्हणून कळवते.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल. मी वकिलांना विचारलं, सही झाल्यावर सासू-जावई या नात्याचं कायद्यानं काय होतं? त्यांनी पुस्तक पाहिलं आणि म्हणाले, याबद्दल कायदा काही बोलत नाही. जिथे कायदा काही बोलत नाही तिथे निरीक्षकानं स्वतः जाऊन पाहायचं असतं. तेव्हा येत्या रविवारनंतरच्या रविवारी मी तिकडे येते. बस सकाळी अकराला तुमच्या चौकात पोचते असं कळलं. दोन महिने दुसऱ्यांच्या घरचं जेवण खाऊन तुमचं काय झालंय ते बघते आणि संध्याकाळच्या बसनं परत जाते. राग अजून आहे, तो तिथेच येऊन बोलेन, इतका कागदावर मावत नाही.

तुमची खोली चौथ्या मजल्यावर आहे असं पहिल्या पत्रात होतं. लिफ्ट आहे ना?


१४ एप्रिल

आई,

लिफ्ट आहे, पण गुरुवारपासून बंद आहे. आमच्या कंपनीची नाही. फोन केला तर म्हणाले, “माणूस पाठवतो.” हे वाक्य मी स्वतः वीस वर्षं लोकांना ऐकवत आलोय, त्यामुळे त्याचा अर्थ मला माहीत आहे.

तुम्ही जिना चढू नका. तुमचे गुडघे मला माहीत आहेत. मी खाली येतो.

पायऱ्या बहात्तर आहेत. काल एक मजला उतरून पाहिला: कठड्याला धरून, पायरीवर बसून, एकेक. कुबड्या आधी पुढे सरकवायच्या, मग आपण सरकायचं. एका मजल्याला आठ मिनिटं लागली. चार मजल्यांना मध्ये दम खाऊन पाऊण तास धरतो. रविवारी साडेनऊलाच निघतो, म्हणजे बस लवकर आली तरी चुकामूक होणार नाही. परत वर कसं जायचं ते तुम्ही आल्यावर ठरवू.

जिन्याखाली सावली असते. समोरच्या बाई तिथे खुर्ची ठेवू का म्हणाल्या. दोन मागून घेतल्या आहेत.

जावई